नहपानाच्या नाण्यावर गौतमीपुत्राचा ठसा: दोन्ही थर कसे वाचायचे? खरं-खोटं कसं ठरवायचं?

कसबा_यादीवाला

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका जुन्या घरगुती संग्रहाची यादी करायचं काम चालू आहे. शिवराया, अंकुशी रुपये वगैरे लागले, त्यात अडचण नाही. चांदीची तीन जुनी नाणी मात्र अडून बसली आहेत.

क्र. 1: वजन 2.04 ग्रॅम, व्यास 16 मिमी. एका बाजूला उजवीकडे पाहणारा चेहरा, आणि त्याच्या थेट गालावर तीन कमानींचा डोंगर, खाली नागमोडी रेघ. काठाला ग्रीक वाटणारी चार-पाच अक्षरं. मागे अधिक चिन्हाच्या टोकांना चार गोळे, म्हणजे उज्जैन चिन्ह, आणि त्याच्या आडून बाणाचं टोक डोकावतंय.

क्र. 2: 2.11 ग्रॅम, 15 मिमी. चपटी टोपी आणि मिशी असलेला चेहरा, डोक्यामागे उभ्या ओळीत काही खुणा. मागे डोंगर, चंद्रकोर, ताऱ्यांसारखा ठिपक्यांचा पुंजका, भोवती ब्राह्मी.

क्र. 3: 1.92 ग्रॅम, 13 मिमी, बऱ्यापैकी जाड. पुढे चेहरा, मागे बसलेला नंदी. घरच्यांनी पाकिटावर 'गुप्त' असं लिहून ठेवलंय.

प्रश्न असे. पहिलं नाणं नहपानाचं (पश्चिमेकडचा शक राजा) आणि वर गौतमीपुत्राचा (त्याला हरवणारा सातवाहन राजा) ठसा, हे बरोबर आहे का, आणि ते नकली नाही हे घरच्या साधनांनी कितपत कळेल? दुसऱ्यावरचं वर्ष कसं वाचायचं? तिसरं खरंच गुप्तांचं का? आणि एक कुतूहल: शक राजा, ग्रीक अक्षरं, ब्राह्मी लेख, वर सातवाहनांची चिन्हं, हे सगळं एका बोटभर चांदीवर जमलं कसं? तिन्ही काळी पडली आहेत. घासायची का, हेही सांगा.

---

लिपीवेडा

आधी शेवटचं: घासू नका. सविस्तर कोणीतरी लिहीलच, पण यादी होईपर्यंत चिंच, रांगोळी, भांड्यांची पावडर यातलं काहीही त्या नाण्यांच्या जवळ नेऊ नका.

क्र. 1 वर्णनावरून बरोबर बसतं. नहपानाच्या चांदीच्या नाण्यावर पुढे मुखवटा आणि भोवती ग्रीक लिपी, मागे बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मीत 'राञो क्षहरातस नहपानस' (क्षहरात घराण्याच्या राजा नहपानाचं) आणि तेच खरोष्ठीत, म्हणजे वायव्येकडच्या जुन्या लिपीत. म्हणजे मूळ नाण्यावरच तीन लिप्या. गंमत म्हणजे ग्रीक अक्षरांतला मजकूर ग्रीक भाषेत नाही, तोच प्राकृत मजकूर ग्रीक अक्षरांत उतरवलाय. तुमच्या काठावरच्या अक्षरांत इंग्रजी एच आणि ए सारखी अक्षरं एकाआड एक दिसली तर ते 'नहपानस' मधलं 'नह' असण्याची शक्यता दाट.

वरचा ठसा गौतमीपुत्र सातकर्णीचा: एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि भोवती 'राञो गोतमिपुतस सिरि सातकणिस', दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला 1906 साली सापडलेल्या साठ्यात सुमारे 13,250 नाणी होती, आणि त्यातल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर हा दुसरा ठसा आहे. त्यामुळे प्रकार दुर्मीळ नाही, आणि म्हणूनच नकला भरपूर निघतात.

आता वाचायची पद्धत. दोन थर एकदम वाचायला जाऊ नका, डोळा फसतो. खोलीत अंधार करा, नाणं काळ्या कापडावर ठेवा आणि मोबाईलची बॅटरी अगदी आडवी, टेबलाला जेमतेम 15 ते 20 अंश होतील अशी धरा. बॅटरीसमोर बटर पेपर लावा, नाहीतर चकाकीत अक्षरं विरघळतात. कॅमेरा वर स्थिर, दिवा मात्र चार दिशांनी फिरवून चार फोटो. जी रेघ एका फोटोत नाहीशी होते ती दुसऱ्यात हटकून उठते. मग फोटो मोठा छापा (नाणं तळहाताएवढं दिसेल इतका), वर ट्रेसिंग पेपर टाका, आणि वरचा ठसा लाल, खालचा निळा असं गिरवा. शंका असलेली रेघ पेन्सिलनं. लाल आधी पूर्ण करा. उरलेल्या रेघा निळ्याच्या.

यात एक गोष्ट नोंदवायला लोक विसरतात: दोन ठशांमधला कोन. नहपानाचा मुखवटा सरळ उभा धरा आणि डोंगराचं शिखर घड्याळात किती वाजता येतं ते लिहा. 'डोंगर 4 वाजता', एवढंच. मागच्या बाजूलाही बाण सरळ धरून तेच. ठसा मारणाऱ्याने जुनं नाणं सरळ लावून घ्यायचे कष्ट घेतलेले नाहीत, त्यामुळे हा कोन प्रत्येक नाण्याचा वेगळा येतो. कोणत्या बाजूवर डोंगर आणि कोणत्या बाजूवर उज्जैन चिन्ह, याचाही ठाम नियम धरून चालू नका.

आणि हाच कोन नकली ओळखायला कामी येतो. हाताने मारलेले दोन ठसे दोन नाण्यांवर अंशाअंशाने तसेच पडणं शक्य नाही. बाजारात, लिलावाच्या यादीत किंवा समाजमाध्यमांवर तुमच्या नाण्यासारखंच, तोच कोन, तोच तुटलेला ग्रीक अक्षराचा तुकडा, काठाला तीच चीर असं दुसरं नाणं दिसलं, तर दोघांपैकी निदान एक तरी साच्यातून ओतलेलं आहे. बहुधा दोन्ही.

---

तराजू

लिपीवेडा यांनी कोनाचं सांगितलं ते उत्तम. धातूकडून बघायचं तर दोन-तीन गोष्टी.

थंड नाण्यावर पुन्हा ठसा मारला की काय होतं ते समजून घ्या, म्हणजे काय शोधायचं ते आपोआप कळतं. ठशाचा सपाट भाग आधी जुन्या नाण्याच्या उंच भागावर आपटतो: नाक, गाल, केसांच्या बटा. ते चेपतात. ठशाच्या खोलगट भागात, म्हणजे जिथून नवा डोंगर उठणार तिथं, धातू वर चढतो, पण पूर्ण चढला नाही तर जुन्या रेषेचा ठिपका डोंगराच्या पाठीवरच शिल्लक राहतो. म्हणून खऱ्या नाण्यात जुनी रेषा सपाट आणि तुटक असते, नवी रेषा तिला कापत जाते, आणि सगळ्यात ताजी जुनी अक्षरं काठाला सापडतात, कारण नवा ठसा तिथवर पोचलेला नसतो. दोन्ही थर सारख्याच उंचीवर, सारखेच गुळगुळीत, एकमेकांना न कापता शेजारी नांदत असतील तर सावध व्हा. तो एकाच साच्यातला माल.

भिंगातून (10 पट पुरे) कड पूर्ण फिरवून पाहा. कडेवर मधोमध गोल फिरणारी बारीक रेघ किंवा ती घासून काढल्याच्या कानशीच्या खुणा, हे ओतीव कामाचं लक्षण. अक्षरांच्या बुडाशी टाचणीच्या टोकाएवढी गोल छिद्रं, तेही तेच. उलट काठाला आत जाणारी तडा ही दोष नव्हे. एकदा ठोकलेली चांदी कडक होते, पुन्हा ठोकली की काठ फाटतो.

आता घनता. हे घरी होतं, पण इथं बहुतेकांचा काटा फसवतो. दोन दशांश स्थळांचा जो स्वस्त काटा मिळतो तो या कामाला निरुपयोगी आहे. हिशेब बघा: 2.10 ग्रॅमच्या नाण्याने 0.20 ग्रॅम पाणी सारलं तर घनता 10.5, आणि 0.21 सारलं तर 10.0. म्हणजे काट्याच्या एका घराच्या चुकीत शुद्ध चांदीची तांबेमिश्रित चांदी होते. तीन दशांश स्थळांचा काटा हवा. रविवार पेठेत, लक्ष्मी रोडला ओळखीच्या सराफाकडे असतो, दहा मिनिटांचं काम आहे.

कृती: आधी नाणं कोरडं तोला. मग काट्यावर अर्धा भरलेला काचेचा छोटा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. पाण्यात भांडी धुवायच्या साबणाचा एकच थेंब, म्हणजे बुडबुडे चिकटत नाहीत. नाणं बारीक नायलॉनच्या दोऱ्याने बांधून वरून आधाराला टांगा आणि पाण्यात पूर्ण बुडवा, पण बुडाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल तो सारलेल्या पाण्याचा. कोरडं वजन भागिले हा आकडा.

शुद्ध चांदी 10.49. चांदी 90 टक्के, तांबं 10 टक्के असेल तर सुमारे 10.3. 80-20 ला 10.1 च्या आसपास. जर्मन सिल्व्हर 8.6-8.7 ला येतं, त्यामुळे ते लगेच उघडं पडतं. बुडबुडा अडकला तर घनता खोटीच कमी येते, जास्त कधी येत नाही. म्हणून तीनदा मोजा आणि सगळ्यात मोठं उत्तर धरा.

एक इशारा. घनता बरोबर आली म्हणजे नाणं खरं असं नव्हे. आजची चांदीही 10.3 ला येते, आणि भंगारातली जुनी झिजकी नाणी वितळवून केलेली नक्कल तर पाठ थोपटावी अशी उतरते. घनता चुकली तर नाणं बाद, जुळली तर फक्त पुढच्या फेरीत. काही सराफ क्ष-किरणांच्या यंत्रावर कस काढून देतात. तो फक्त वरच्या थराचा कस असतो. जुन्या नाण्यातलं तांबं वरवर झिरपून गेलेलं असतं, त्यामुळे यंत्र आतल्यापेक्षा जास्त चांदी दाखवतं. तो कागद यादीला जोडा, पण 'कस इतका' असं ठामपणे लिहू नका, 'पृष्ठभागाचा कस' असं लिहा.

---

मावळचा_माणूस

कुतूहलाच्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण ते आपल्याच परिसरात लिहून ठेवलेलं आहे.

ग्रीक अक्षरं आली ती इंडो-ग्रीकांच्या, म्हणजे वायव्य भारतात राज्य करणाऱ्या ग्रीक राजांच्या, नाण्यांवरून. त्यांच्यातल्या मिनँडरच्या चांदीच्या द्रम्मावर पुढे राजाचा मुखवटा आणि ग्रीक लेख, मागे वज्र फेकणारी देवी आणि खरोष्ठीत 'महरजस त्रतरस मेनंद्रस'. हा द्रम्म साधारण 2.45 ग्रॅमचा. भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर यांची जुनी द्रम्मं अजून चालतात, असं पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात नोंदवलेलं आहे, म्हणजे ते राजे जाऊन बराच काळ लोटल्यावरही. त्याच ग्रंथात रोमी सोन्या-चांदीची नाणी स्थानिक नाण्यांशी बदलली तर फायदा होतो असंही आहे. आता अशा बाजारात नवा क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ता, आला. त्याने एकदम नवं रूप काढलं तर व्यापारी ते बट्ट्याने घेणार. म्हणून त्याने ओळखीचा साचा उचलला: वजन जवळपास तेच, चेहरा तसाच उजवीकडे, भोवती ग्रीक. स्वतःचं जे होतं ते मागच्या बाजूला, बाण आणि वज्र. वज्र तरी कुठून आलं हे मिनँडरच्या देवीच्या हातात बघा.

पुढच्या क्षत्रपांना ती ग्रीक अक्षरं वाचताच येत नव्हती. चष्टन या नहपानानंतरच्या क्षत्रपाच्या पुढे खरोष्ठी गेली, ग्रीकचे नुसते उभे-आडवे फराटे राहिले, तरी ती काढून टाकायची हिंमत कुणी केली नाही. चंद्रगुप्त दुसऱ्याने क्षत्रप बुडवले, डोंगराच्या जागी गरुड बसवला, तरीही पुढच्या बाजूला ग्रीकचे अवशेष दिसतात. मला यात 'संस्कृतींचा संगम' वगैरे फार भावुक होण्यासारखं वाटत नाही. हे बाजाराचं शहाणपण आहे: चालणाऱ्या नाण्याचा चेहरा बदलायचा नाही, पाठ बदलायची. संगम झाला, पण हिशेबातून झाला.

या नाण्यांची खरेदीशक्ती बघायची असेल तर नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदाताचा लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) 2,000 कार्षापण (त्या काळची नाणी) दरमहा शेकडा 1 दराने आणि 1,000 कार्षापण शेकडा पाऊण दराने ठेवले. पहिल्या ठेवीतून 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापणांचं चीवर (भिक्षूचं वस्त्र). करून बघा: 2,000 वर शेकडा 1 म्हणजे महिन्याला 20, वर्षाला 240. आणि 20 गुणिले 12 बरोबर 240. एक पैचाही घोळ नाही. त्याच लेखात 70,000 कार्षापण म्हणजे 2,000 सुवर्ण, एका सुवर्णाला 35, असा भावही दिलाय.

आपल्याकडे कार्ल्याला वलुरक लेण्यासाठी उषवदाताने करजिक गाव दिला. त्याच गावाबद्दल मामालच्या, म्हणजे मावळच्या अमात्याला गेलेला सातवाहन राजाचा हुकूमही तिथंच कोरलाय. जुन्नरला मानमोडीत नहपानाचा अमात्य अयम याचा 46 व्या वर्षाचा लेख आहे. नाण्यावर जसा एकाच्या चेहऱ्यावर दुसऱ्याचा डोंगर, तसंच जमिनीच्या दानाचं. गौतमीपुत्राच्या आईच्या, बलश्रीच्या नाशिक लेखात त्याला 'खखरातवंस', म्हणजे नहपानाचं क्षहरात घराणं, निःशेष करणारा म्हटलंय. त्यामुळे शत्रूच्या तोंडावर ठसा मारणं हा उघडउघड विजयाचा डंका होता.

---

तराजू

डंका होता हे मान्य, पण कारण तेवढंच नसावं. नाणी गाळून नवी पाडायची तर भट्टी, कोळसा, मुशी, गाळताना तूट, मग पुन्हा चकत्या कापून वजन जुळवणं आलं. हजारो नाण्यांचा हिशेब करा. जुन्या नाण्याचं वजन आणि कस बाजाराने आधीच मान्य केलेला आहे. त्याला ठसा मारला की काम झालं: दोन माणसं, दोन ठसे, एक हातोडा. अपमानच करायचा असता तर नहपानाचं नाव नीट मिटेल इतका जोर लावला असता. जोगलटेंभीच्या नाण्यांवर ते बऱ्याचदा स्वच्छ वाचता येतं, आणि जवळपास तिसरा हिस्सा नाण्यांना तर ठसा लागलेलाच नाही.

---

मावळचा_माणूस

@तराजू दोन्ही खरं असायला हरकत काय? स्वस्तात डंका. एक मात्र पुढे लक्षात ठेवण्यासारखं आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावी आणि यज्ञ सातकर्णी यांनी स्वतःचा मुखवटा असलेली चांदीची नाणी पाडली, क्षत्रपांच्याच वजनाची. पुढे प्राकृत लेख, मागे उज्जैन चिन्ह आणि डोंगर, आणि तिथला लेख दक्षिणेकडच्या भाषेच्या वळणाचा. सोपाऱ्याच्या स्तूपात 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींना यज्ञ सातकर्णीचं असं नाणं मिळालं. शत्रूच्या नाण्यावर ठसा मारणाऱ्या घराण्याने पुढे शत्रूचाच नमुना उचलला. कारण तेच: चांदी म्हटली की लोकांना चेहरा लागायचा.

---

खापर_आणि_नाणी

क्र. 2 आणि 3 कडे कुणी वळलं नाही म्हणून.

क्र. 2. हा क्षत्रपांचा नेहमीचा द्रम्म: डोंगर, चंद्र, सूर्य, खाली पाण्याची रेघ. (तो ठिपक्यांचा पुंजका म्हणजे सूर्य.) राजा ओळखायचा तर राजाच्या नावावर थांबू नका, बापाचं नाव शोधा. क्षत्रपांची ही मोठी कृपा आहे की ते दोन्ही लिहितात. एकट्या रुद्रसेन नावाचे निदान तीन महाक्षत्रप (क्षत्रपाहून वरच्या पदवीचे राजे) आहेत. 'रुद्रसीहस पुत्रस … रुद्रसेनस' असेल तर पहिला, 'वीरदामपुत्रस' असेल तर दुसरा, 'स्वामिरुद्रदामपुत्रस … स्वामिरुद्रसेनस' असेल तर तिसरा. 'स्वामि' हा शब्द दिसला की चौथ्या शतकाकडे सरका. बापाची पदवीही टिपा: नुसता 'क्षत्रपस' की 'महाक्षत्रपस'. वीरदामन क्षत्रपच राहिला, त्यामुळे दुसऱ्या रुद्रसेनाच्या नाण्यावर बाप क्षत्रप आणि मुलगा महाक्षत्रप असं येतं. 'पुत्रस' सुटं लिहिलंय की नावाला जोडून, हेही जसंच्या तसं उतरवा.

वर्ष डोक्यामागे, वरून खाली. ही आजच्यासारखी स्थानमूल्याची पद्धत नाही. शंभराला वेगळी खूण, प्रत्येक दशकाला वेगळी, एककाला वेगळी. 1, 2, 3 म्हणजे तितक्या आडव्या रेघा. शंभराच्या खुणेला उजवीकडे एक फाटा जोडला की दोनशे. त्यामुळे समजा पहिली खूण 100 ची आहे, दुसरी 30 ची, तिसरी एक आडवी रेघ, तर ते शक 131. त्यात 78 मिळवा: इ.स. 209, वर्षाच्या शेवटच्या काही महिन्यांसाठी 210. यादीत 'शक 131 (इ.स. 209-10)' असं लिहायचं, नुसतं इसवी सन नको.

अडचण नेहमीची: चकती ठशापेक्षा लहान, म्हणून शंभराची खूण वर कापली जाते किंवा एकक खाली. दिसतं तेवढंच लिहा: '1[3]x' (कंसात अर्धवट दिसलेली खूण, x म्हणजे न दिसलेली). अंदाजाने आकडा भरू नका. राजाचा कालखंड लेखावरून ठरतोच, वर्षावाचून काही अडत नाही. आणि दोनशेचा फाटा शोधताना काठाची झीज म्हणजे फाटा समजू नका, हे सगळ्यांचं होतं.

क्र. 3. 'गुप्त' का लिहिलं असेल ते समजतं. स्कंदगुप्ताच्या पश्चिमेकडच्या चांदीच्या नाण्यांत नंदीचा प्रकार आहेच. म्हणून नंदी बघून काहीच ठरवू नका, लेख बघा. गुप्त स्वतःला 'परमभागवत' (विष्णुभक्त) म्हणवतात. तुमच्या नाण्यावर 'परममाहेश्वर (शिवभक्त) मातापितृपादानुध्यात श्रीकृष्णराज' असेल तर ते कलचुरी कृष्णराजाचं, सहाव्या शतकाच्या मध्यानंतरचं. पूर्वी हे नाणं राष्ट्रकूट कृष्णाच्या नावावर घालत, त्यामुळे जुन्या पाकिटांवर आणि जुन्या याद्यांत तसंही लिहिलेलं सापडेल. नाशिक भागात ही नाणी सापडली आहेत, देवळाण्याचा साठा प्रसिद्ध आहे. इ.स. 710 च्या अंजनेरीच्या ताम्रपटात 'कृष्णराज रूपक' हे चलन म्हणून नावानिशी येतं. म्हणजे राजा जाऊन दीडशे वर्षं होत आली तरी त्याच्या नावाचा रुपया चालू होता.

पहिली चार अक्षरं शोधा, एवढ्यावर भागतं. 'परम' दोघांत सामाईक आहे. त्यानंतर 'भा' की 'मा', इथं निकाल लागतो. या छोट्या जाड नाण्यांवर लेखाचा निम्मा भाग चकतीबाहेर गेलेला असतो, पण बहुतेक नाण्यांवर 'कृष्णराज' मधला जोडाक्षराचा 'ष्ण' कुठेतरी अर्धामुर्धा सापडतो. आणि मधल्या काळातली त्रैकूटकांची नाणीही हाताशी ठेवा. दह्रसेन, व्याघ्रसेन यांनी डोंगर-चंद्र-सूर्य क्षत्रपांचाच ठेवला, पण लेखात 'परमवैष्णव' आलं. क्षत्रप, त्रैकूटक, कलचुरी अशी तीन नाणी ओळीने मांडली तर चेहरा जवळपास तोच, पाठ मात्र डोंगरावरून नंदीवर गेलेली दिसते.

---

कसबा_यादीवाला

सगळ्यांचे आभार. सराफाच्या तीन स्थळांच्या काट्यावर मोजून आणलं.

क्र. 1: कोरडं 2.041, पाणी 0.198.
क्र. 2: कोरडं 2.112, पाणी 0.206.
क्र. 3: कोरडं 1.923, पाणी 0.205.

क्र. 1 वर डोंगर 5 वाजता, मागे उज्जैन चिन्ह बाणाशी 2 वाजता. डोंगराची डावी कमान ग्रीक अक्षराला मधूनच कापते. क्र. 2 वर 'वीरदामपुत्रस' स्पष्ट आहे. वर्षातली पहिली खूण अर्धी, एकक बाहेर. क्र. 3 वर 'परममा' पर्यंत लागलं.

तिसऱ्याची घनता मात्र विचित्र येतेय.

---

तराजू

क्र. 1 ची 10.31, क्र. 2 ची 10.25. दोन्ही ठीक. क्र. 1 वर नवी रेघ जुन्या अक्षराला कापते म्हणताय, म्हणजे दोन्ही कसोट्या एकाच दिशेला बोट दाखवतात. यादीत निर्धास्त लिहा.

क्र. 2 वीरदामनाचा मुलगा म्हणजे रुद्रसेन दुसरा. वर्ष नाही लागलं तरी चालेल.

क्र. 3 ची 9.38. चांदी-तांब्याचाच मिश्रधातू धरला तर यात चांदी तिसऱ्या हिश्श्याच्याही आत येते. असं नाणं सहसा पांढरं दिसत नाही. त्यामुळे लगेच 'खोटं' म्हणायच्या आधी तीन कारणं तपासा. एक, लेखाच्या खाचांत मेणचट राखाडी किंवा जांभळट थर आहे का? तो चांदीचा क्लोराईड असतो, त्याची घनता साडेपाचच्या आसपास, जाड थर असेल तर आकडा खाली ओढतो. दोन, हवा. नाणं अर्धा तास साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवून पुन्हा मोजा. तीन, आणि मला याचाच जास्त संशय येतो: कडी. घरगुती संग्रहातली लहान जाड नाणी गळ्यातल्या पुतळीसारखी किंवा ताईतासारखी ओवलेली असतात. 12 वाजताच्या जागी कड भिंगातून पाहा. तिथं खडबडीत पिवळट डाग, म्हणजे झाळणाचा अवशेष, किंवा कानशीने सपाट केलेली जागा दिसते का? पण एक सांगतो, नुसत्या झाळणाने घनता एवढी खाली यायला बराच मोठा गोळा लागेल.

तिन्ही कारणं बाद झाली तर मग कडेची रेघ आणि छिद्रं बघा.

---

खापर_आणि_नाणी

काळेपणाबद्दल. चांदी काळी पडते ती गंधकामुळे, तो थर पातळ असतो आणि नाण्याला त्रास देत नाही. उलट आडव्या प्रकाशात तोच अक्षरं उठावदार करतो. क्र. 1 वर तर तो अजिबात काढू नका. खालच्या थराच्या चेपलेल्या रेषा इतक्या उथळ आहेत की एकदा पावडरने घासलं की निळी ट्रेसिंग कायमची गेली. अॅल्युमिनियम फॉइल आणि खायच्या सोड्याचा उपाय सगळीकडे सांगतात. तो नवीन ताट-वाट्यांना ठीक, पण जुन्या चांदीत कणांच्या फटी पडलेल्या असतात, त्यात मिठासोड्याचं पाणी अडकून राहतं. धूळ असेल तर डिस्टिल्ड पाणी, मऊ ब्रश, आणि खाचेतल्या मातीला बाभळीचं किंवा बांबूचं टोकदार काडकं. लोखंडी सुई नाही. मग हवेवर पूर्ण वाळू द्या.

घरात जुन्या प्लास्टिकच्या अल्बममध्ये होती का? पीव्हीसीच्या पाकिटांतून निघणारा चिकट हिरवट थर नाण्यावर दिसत असेल तर तो शुद्ध अॅसिटोनने जातो, नेलपॉलिश काढायच्या बाटलीने नाही, त्यात तेल आणि रंग असतात. खिडकी उघडी ठेवा आणि विस्तवापासून लांब. पुढे मायलर किंवा पॉलिप्रोपिलीनची पाकिटं, आणि डब्यात सिलिका जेलची पुडी. जून ते सप्टेंबर पुडीचा रंग बदलतो का बघत राहा, आपल्याकडच्या पावसाळ्यात ती महिन्याभरात भरते.

कागदपत्रांचंही बघा. नाणी घरात कुठून आली याची जी काही चिठ्ठी, पावती, पाकिटावरची नोंद असेल ती फेकू नका, 'गुप्त' असं चुकीचं लिहिलेलं पाकीटसुद्धा ठेवा. 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांवरची नाणी पुरावस्तू ठरतात आणि परवानगीशिवाय देशाबाहेर जाऊ शकत नाहीत, परदेशातल्या नातेवाइकाच्या बॅगेतूनही नाही. आणि उद्या शेतात, पायाच्या खोदकामात असं काही सापडलं तर 1878 च्या निखात निधी (पुरलेलं धन) कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपयांवर किंमत असली तरी.

प्रत्यक्ष तुलनेला नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि नाणेसंग्रहालय आहे. जाताना नाण्याबरोबर तुमच्या लाल-निळ्या ट्रेसिंग घेऊन जा.

---

कसबा_यादीवाला

क्र. 3 पुन्हा मोजलं. अर्धा तास भिजवून, तीनदा. सगळ्यात मोठं उत्तर 9.41. मेणचट थर नाही. 12 वाजताच्या जागी डाग नाही, पण कडेवर पूर्ण गोल फिरणारी रेघ आहे, आणि 3 ते 4 वाजताच्या दरम्यान ती कानशीने घासल्यासारखी दिसते. नंदीच्या पोटाखाली दोन गोल छिद्रं.

---

तराजू

मग ओतीव. यादीत असं लिहा: 'कलचुरी कृष्णराजाच्या रूपकाची ओतीव नक्कल, 1.923 ग्रॅम, 13 मिमी, घनता 9.41, कडेवर साच्याची रेघ.' जुन्या पाकिटासह वेगळ्या डब्यात ठेवा आणि दोन्ही बाजूंचे फोटो इथं टाका. त्याच साच्यातली भावंडं कुणाकडे ना कुणाकडे निघतील.